ब्राँझ असूनही सगळ्यात वरचं : परमवीर चक्राचं डिझाईन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरांची गोष्ट

नंदुरबारच्या एखाद्या शाळेतली धावण्याची शर्यत असो नाहीतर ऑलिम्पिक, पदकांचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. पहिल्याला सोनं, दुसऱ्याला चांदी, तिसऱ्याला ब्राँझ. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचं ब्राँझ आणलं, म्हणजे ते तिसरे आले, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता हाच हिशोब आपल्या सैन्याच्या पदकांना लावून बघा. वीर चक्र चांदीचं. त्याच्या वरचं महावीर चक्र, तेही चांदीचं. आणि या दोघांच्याही वर असलेलं, शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी देशात मिळणारं सगळ्यात मोठं पदक म्हणजे परमवीर चक्र. ते मात्र ब्राँझचं.

म्हणजे इथं खेळाच्या मैदानावरचा नियम चालत नाही. इथं पदकाची किंमत धातूवरून ठरत नाही, त्यावर काय कोरलंय यावरून ठरते. आणि त्यावर काय कोरायचं हे ज्यांनी ठरवलं त्या होत्या एक मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी, सावित्रीबाई खानोलकर.

पण या सावित्रीबाईंचा जन्म ना कोकणातला, ना देशावरचा. त्या जन्मल्या थेट स्वित्झर्लंडमध्ये.

ईव्हची सावित्री कशी झाली?

२० जुलै १९१३. स्वित्झर्लंडमधलं न्यूशाटेल नावाचं गाव. तिथं एका मुलीचा जन्म झाला. नाव ठेवलं ईव्ह इव्होन माडे द मारोस. वडील हंगेरीचे, आई रशियन. वडील आंद्रे द माडे जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, पुढं लीग ऑफ नेशन्समध्ये ग्रंथपालही झाले. आई रूसो इन्स्टिट्यूट या नावाजलेल्या संस्थेत शिकवायची.

थोडक्यात काय, तर घरात पुस्तकांची कमी नव्हती. ईव्ह लहानपणापासून वाचायला लागली आणि वाचता वाचता तिला भारताचं वेड लागलं. इथली पुराणं, इथलं तत्त्वज्ञान याबद्दल जे काही युरोपात मिळेल ते ती वाचत होती.

अशातच १९२९ साल उजाडलं. ब्रिटनमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत तेव्हा मोजके भारतीय तरुण अधिकारी होण्यासाठी शिकत होते. त्यातला एक मराठी मुलगा म्हणजे विक्रम रामजी खानोलकर. सुट्टीत तो आल्प्सच्या बर्फातल्या शामोनीला आला होता. तिथं त्याची आणि ईव्हची ओळख झाली. ईव्हचं वय तेव्हा जेमतेम सोळा.

ज्या देशाबद्दल आपण इतकं वाचलं, त्या देशाचा माणूस समोर उभा होता. ओळखीचं प्रेम झालं. पण विक्रम भारतात परतणार होता आणि वडील मुलीला इतक्या लांब पाठवायला तयार नव्हते. ईव्हनं हट्ट सोडला नाही. काही वर्षांतच ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांनी लग्न केलं.

लग्नानंतर ईव्हचं नाव झालं सावित्रीबाई खानोलकर.

नुसतं नाव नाही बदललं

त्या काळी गोऱ्या बायका लग्न करून भारतात आल्या तरी बहुतेकदा त्यांचं जग कॅन्टोन्मेंट आणि क्लबपुरतं असायचं. सावित्रीबाईंनी उलटा रस्ता धरला. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला. साडी, शाकाहार हे तर आलंच, पण त्या मराठी शिकल्या, हिंदी शिकल्या, संस्कृत शिकल्या. नवऱ्याची बदली पाटण्याला झाली तेव्हा तिथल्या विद्यापीठात जाऊन त्यांनी संस्कृत, वेद, उपनिषदं यांचा रीतसर अभ्यास केला. चित्रकला हातात होतीच. नृत्य शिकायला त्या थेट उदय शंकर यांच्याकडे गेल्या.

पुढं त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. संस्कृत नावांचा एक कोशही तयार केला. म्हणजे ज्या मुलीनं विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा ही भाषा ऐकली, तिनं इथल्या संतांची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली.

त्यांना कुणी परदेशी म्हटलेलं आवडायचं नाही. आपला जन्म चुकून युरोपात झाला, मनानं आपण इथल्याच, असं त्यांचं म्हणणं असायचं.

हा सगळा अभ्यास पुढं एका अगदी वेगळ्या कामाला येणार होता.

नव्या देशाला नवी पदकं हवी होती

१९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि दोन-अडीच महिन्यांतच काश्मीरमध्ये युद्ध सुरू झालं. जवान लढत होते, मरत होते. प्रश्न असा होता की त्यांच्या शौर्याचा सन्मान करायचा कशानं?

तोवरचं सगळ्यात मोठं पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियानं ते सुरू केलं. भारतीय जवानांना ते मिळण्याची वाट १९११ मध्ये मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढताना मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी हा क्रॉस मिळवला होता. घाडगेंना तो मरणोत्तर मिळाला.

मान मोठा होता, पण पदक परक्या राणीच्या नावाचं. त्यावर ब्रिटिश राजमुकुट आणि त्यावर उभा सिंह. स्वतंत्र देशाचा जवान ते छातीवर कसं लावणार?

नवी पदकं तयार करण्याची जबाबदारी आली मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर. लष्कराचे ते पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉसच्या तोडीचं, पण पूर्णपणे भारतीय पदक हवं होतं. त्यासाठी चित्र काढता येणारा माणूस पाहिजे होता आणि त्याला इथली पुराणं, इथली चिन्हं, संस्कृत हे सगळं ठाऊक असायला पाहिजे होतं.

असं माणूस त्यांच्या ओळखीत होतं. खानोलकरांच्या घरात. अटल यांनी ते काम सावित्रीबाईंना दिलं.

साडेतीन सेंटीमीटरात काय बसवायचं?

पदकाचं डिझाईन म्हणजे कागदावर सुंदर चित्र काढलं की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात ते त्याहून अवघड.

परमवीर चक्राचा व्यास आहे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच. म्हणजे साधारण साडेतीन सेंटीमीटर. एवढ्याशा गोलात जे काही सांगायचं ते सांगायचं. रंग वापरता येत नाहीत, कारण धातूला एकच रंग. चित्र दिसतं ते फक्त उंचसखल भागांवर पडणाऱ्या उजेड-सावलीमुळं. बारीक नक्षी भरली तर चार हातांवरून ती दिसेनाशी होते. त्यामुळं पदकाच्या डिझाईनमध्ये काय घालायचं यापेक्षा काय गाळायचं हे जास्त महत्त्वाचं.

आणि चिन्ह चुकलं तर? त्याचं उदाहरण खेळाच्याच जगात आहे. इटलीच्या जुझेप्पे कासिओली यांनी केलेलं विजयदेवतेचं डिझाईन १९२८ पासून उन्हाळी ऑलिम्पिकच्या पदकांवर आलं. खाशाबांच्या पदकावरही तीच देवता आहे. पण तिच्या मागं दिसते रोमच्या कलोसियमसारखी इमारत. ऑलिम्पिक जन्मलं ग्रीसमध्ये आणि पदकावर रोम! ही खटकणारी गोष्ट दुरुस्त व्हायला २००४ चं अथेन्स ऑलिम्पिक उजाडावं लागलं. तेव्हा एलेना व्होत्सी या ग्रीक डिझाईनरनं नवी देवता काढली आणि तिच्या मागं अथेन्सचं स्टेडियम आलं.

म्हणजे पदकावरची एक चूक पाऊणशे वर्षं खेळाडूंच्या हातात पडत राहिली. सावित्रीबाईंच्या समोर याहून मोठी जोखीम होती. त्यांचं पदक शर्यत जिंकणाऱ्याला मिळणार नव्हतं. ज्यांना ते मिळणार होतं, त्यातले बरेचसे ते घ्यायला हयात नसणार होते.

दधीचींची हाडं

सावित्रीबाईंनी निवडलं इंद्राचं वज्र.

वज्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतं देवांच्या राजाचं शस्त्र. पण वज्राची खरी गोष्ट इंद्राची नाही, दधीची ऋषींची आहे.

पुराणातली कथा अशी. वृत्र नावाच्या असुरानं देवांना सळो की पळो करून सोडलं. कुठल्याच शस्त्रानं तो मरेना. त्याला मारायचं तर दधीची ऋषींच्या हाडांपासून केलेलं शस्त्र लागेल, असं कळलं. देव दधीचींकडे गेले. जिवंत माणसाकडं त्याची हाडं कशी मागायची? पण दधीचींनी मागणी ऐकली आणि स्वतःहून देह सोडला. त्यांच्या हाडांचं वज्र झालं आणि वृत्र मारला गेला.

आता ही कथा सैनिकाला लावून बघा. युद्ध जिंकल्याचं श्रेय राजाला मिळतं, सेनापतीला मिळतं. पण ते जिंकलं जातं कुणीतरी आपला देह दिला म्हणून. सावित्रीबाईंच्या पदकावर विजयदेवता नाही, मारलेला शत्रू नाही, घोड्यावर बसलेला योद्धाही नाही. तिथं आहे वज्र, म्हणजे दधीचींनी दिलेलं दान.

परमवीर चक्राच्या पुढच्या बाजूला अशी चार वज्रं आहेत. मधोमध उठावात राजमुद्रा, म्हणजे सारनाथचे सिंह आणि सत्यमेव जयते. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत परमवीर चक्र हे नाव आणि त्या दोन ओळींच्या मध्ये दोन कमळं. पदक ज्या दांडीला लटकतं ती फिरती आहे, त्यामुळं दोन्ही बाजू बघता येतात. फीत साधी, जांभळी, तिच्यावर एकही पट्टा नाही.

बस. एवढंच.

आणि धातू? व्हिक्टोरिया क्रॉस ब्राँझचा होता, शत्रूच्या जिंकलेल्या तोफांच्या धातूतून केलेला. त्याच्या जागी आलेलं परमवीर चक्रही ब्राँझचंच झालं. सोनं विकता येतं, मोडता येतं. ब्राँझच्या एवढ्याशा चकतीला बाजारात काय भाव येणार? तिची जी काही किंमत आहे, ती तिच्यावरच्या चिन्हांची आणि ती मिळवणाऱ्याची.

मग भवानी तलवार कुठंय?

परमवीर चक्रावर शिवाजी महाराजांची भवानी तलवारही आहे, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पदकाच्या अधिकृत वर्णनात मात्र चार वज्रं आणि राजमुद्रा एवढंच आहे.

पण सावित्रीबाई भवानी तलवारीला विसरल्या होत्या, असंही नाही. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलचं डिझाईन त्यांचंच. त्या पदकावर मधोमध तेजोवलयात उभी आहे ती भवानी, पातं वर केलेली. हे पदक १९६५ पर्यंत चालू होतं. म्हणजे स्वतंत्र भारताच्या कितीतरी जवानांच्या छातीवर महाराजांची तलवार होती आणि ती तिथं नेली होती स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका मराठी सुनेनं.

महावीर चक्र आणि वीर चक्रही त्यांचीच. दोन्हींवर पाच टोकांचा तारा आहे. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. म्हणजे लांबून पदक नीट दिसलं नाही तरी फितीवरून कळावं की समोरचा कोण आहे.

रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी असलेली अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही पदकंही सावित्रीबाईंच्याच नावावर आहेत. गंमत म्हणजे इथं मात्र खेळासारखाच क्रम आहे. अशोक चक्राला सोन्याचा मुलामा, कीर्ती चक्र चांदीचं, शौर्य चक्र ब्राँझचं. तिन्हींची फीत हिरवी, त्यावर अनुक्रमे एक, दोन आणि तीन केशरी रेघा.

चित्राचं पदक कसं होतं?

डिझाईन मंजूर झालं की पुढचं काम टाकसाळीचं. आज परमवीर चक्र, भारतरत्न, पद्म पुरस्कार ही पदकं कोलकात्याच्या अलीपूर टाकसाळीत तयार होतात.

अशी पदकं करण्याची जुनी पद्धत साधारण अशी. आधी चित्रावरून मोठ्या आकाराचा नमुना करायचा, मातीत किंवा प्लॅस्टरमध्ये. मोठा अशासाठी की त्यात प्रत्येक उंचवटा नीट घडवता येतो. मग एका यंत्राची सुई त्या नमुन्यावरून फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असलेलं पातं तीच आकृती लहान करून पोलादावर कोरत जातं. आज हे काम बहुतेक कॉम्प्युटरवर चालणारी मशीन करतात.

त्या पोलादाचा ठसा तयार होतो. ठसा तापवून, थंड करून कडक केला जातो. पुढच्या बाजूचा एक, मागच्या बाजूचा एक. या दोन ठशांच्या मध्ये धातूची कोरी चकती ठेवायची आणि वरून प्रचंड दाब द्यायचा. नाणं पाडतात तसंच. पण पदकाचा उठाव नाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळं एका दाबात काम भागत नाही. दाबानं धातू कडक होतो, म्हणून चकती तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची. मग कडा घासणं, झळाळी देणं, दांडी बसवणं आणि शेवटी फीत.

यात ठसा आणि धातू एकमेकांना जमणं फार महत्त्वाचं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या वेळी तोफांचा धातू इतका कडक निघाला की ठसेच तडकायला लागले. शेवटी लंडनच्या सोनारांनी ठसा मारण्याचा नाद सोडला आणि क्रॉस साच्यात ओतून घ्यायला सुरुवात केली.

पहिलं पदक घरातच आलं

२६ जानेवारी १९५०. देश प्रजासत्ताक झाला आणि त्याच दिवशी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदकं जाहीर झाली. ती लागू धरली गेली १५ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणजे काश्मीरच्या युद्धात लढलेल्यांचाही सन्मान होणार होता.

पहिलं परमवीर चक्र मिळालं कुमाऊँ रेजिमेंटच्या मेजर सोमनाथ शर्मा यांना. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगाममध्ये त्यांच्या तुकडीनं कित्येक पट मोठ्या टोळीला रोखून धरलं होतं. हॉकी खेळताना हात मोडल्यामुळं त्यांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. तशा अवस्थेत ते एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर धावत होते, मॅगझिन भरून जवानांना देत होते. तोफगोळा जवळच फुटला आणि ते गेले. वय अवघं २४. पण त्यांनी मिळवून दिलेल्या त्या काही तासांमुळं श्रीनगरचा विमानतळ वाचला.

हे सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंना परके नव्हते. त्यांची थोरली मुलगी कुमुदिनी हिचे ते दीर.

दधीचींची गोष्ट मनात ठेवून ज्या बाईनं वज्र काढलं, तिच्याच सोयऱ्यांच्या घरात पहिलं वज्र आलं. आणि ते घ्यायला ज्याचं ते होतं तो नव्हता.

त्याच युद्धातलं आणखी एक परमवीर चक्र मिळालं कारवारजवळच्या चेंडियाच्या रामा राघोबा राणे यांना. बॉम्बे सॅपर्सचे राणे एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबारात सुरुंग काढत आणि वाट मोकळी करत पुढं गेले होते. जिवंतपणी हे पदक छातीवर लावायला मिळालेल्या पहिल्या वीरांपैकी ते एक.

आजवर परमवीर चक्र मिळालंय फक्त २१ जणांना. त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर.

शेवटची वर्षं

पदकं जाहीर झाल्यावर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, मेजर जनरल विक्रम खानोलकरांचं निधन झालं. ज्या माणसासाठी सावित्रीबाईंनी देश सोडला होता, तोच राहिला नाही. त्या तेव्हा चाळिशीच्याही झालेल्या नव्हत्या.

परत युरोपात जायचा रस्ता मोकळा होता. त्या गेल्या नाहीत.

फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांसाठी, लढाईत माणूस गमावलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी त्या काम करत होत्याच. पुढं त्यांचं मन अध्यात्माकडं वळलं आणि त्यांनी रामकृष्ण मठाचा आधार घेतला.

२६ नोव्हेंबर १९९० ला सावित्रीबाई गेल्या.

पदकाच्या एका बाजूला राजमुद्रा असते, दुसऱ्या बाजूला पदकाचं नाव. डिझाईन करणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. त्यामुळं दर २६ जानेवारीला परेडमध्ये परमवीर चक्र विजेते जीपमधून सलामी देत जातात तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या फार थोड्या लोकांना सावित्रीबाई आठवतात.

पुढच्या वेळी ती जांभळी फीत दिसली की तिच्या खालच्या ब्राँझच्या चकतीकडं जरा निरखून बघा. तिथं चार वज्रं असतील. एका ऋषीनं मागितल्यावर आपली हाडं दिली होती, त्या हाडांची.